दसऱ्याला उद्घाटन, हातात ४५ दिवस : नव्या रेस्टॉरंटचं इंटिरिअर वेळेत कसं उभं करायचं

दहीहंडी झाली की दसऱ्याला साधारण ४५ दिवस उरतात. पुण्यात दसऱ्याच्या मुहूर्तावर रेस्टॉरंट उघडायचं म्हणून गाळा घेतलेल्या अनेकांच्या हातात प्रत्यक्ष कामाला एवढेच दिवस असतात. त्यात गणपती, पितृपक्ष आणि नवरात्र ओळीने येतात आणि हवा पावसाळी असते. तरीही ९०० चौरस फुटांच्या गाळ्याचं काम या मुदतीत नीट होतं, फक्त वेळापत्रक योग्य टोकाकडून मांडायला हवं.

माणसं वाढवली तर सुताराचं दहा दिवसांचं काम सहा दिवसांत होतं. पण वॉटरप्रूफिंगवर भरलेलं पाणी, ओली भिंत, पुट्टीचा दुसरा हात आणि फरशीखालचा चिकट मसाला यांना चार माणसं लावली काय नि चाळीस, तेवढाच वेळ लागतो. गुजरातेतल्या मोरबीहून यायची टाइल दुकानदाराला दहा फोन केले तरी ट्रक भरल्याशिवाय निघत नाही. म्हणून कामाला हात घालण्याआधी दोन याद्या करा. एकीत जे वाळायचं आहे ते, दुसरीत जे यायचं आहे ते. तारीख हुकते ती याच दोन याद्यांमुळे. सुतार, रंगारी आणि गवंडी यांच्यावर तिचं खापर उगाच फुटतं.

पुढचा सगळा हिशेब एका ठरावीक गाळ्याचा आहे : तळमजला, ९०० चौरस फूट कार्पेट, स्लॅबची उंची ११ फूट, त्यात बसायची जागा ४८०, किचन ३००, आणि भांडी धुणं, स्वच्छतागृह व कॅश काउंटर मिळून १२०. तुमचा गाळा लहानमोठा असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला, क्रम बदलू नका.

पहिले तीन दिवस : मापं आणि निर्णय

ताबा मिळाल्या दिवशीच तोडफोड सुरू करायचा मोह आवरा. आधी गाळ्याचे दोन्ही कर्ण मोजा. जुन्या इमारतीत खोली काटकोनात क्वचितच असते, आणि ते पुढे भिंतीकडेला निमुळत्या होत गेलेल्या फरशीच्या तुकड्यांतून उघडं पडतं. बीमची खालची उंची, ड्रेनेजच्या चेंबरची खोली आणि वीज मीटरची जागा लिहून घ्या. दाराची मोकळी रुंदी हमखास विसरली जाते. चार दारांचा स्टीलचा फ्रिज आणि मोठी शेगडी अडीच फुटी चौकटीतून आत जात नाही; मग बसवलेली चौकट काढावी लागते आणि रंगवलेली भिंत फुटते. किचनच्या वाटेवरच्या प्रत्येक दाराला किमान ३ फूट मोकळी रुंदी ठेवा.

त्याच दिवशी लेझर लेव्हलने सगळ्या भिंतींवर, तयार फरशीच्या पातळीपासून बरोबर १ मीटर उंचीवर, एक आडवी रेषा मारून घ्या. सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फरशीवाला, सगळ्यांनी मापं या रेषेपासूनच घ्यायची. फरशी जुन्या जमिनीपेक्षा दोन इंच वर येणार असते. एकाने जुन्या जमिनीपासून माप धरलं आणि दुसऱ्याने नव्या, की ओट्यावरचा स्विचबोर्ड ओट्याच्या दगडाआड जातो.

बैठकीसाठी एका माणसामागे १३ ते १४ चौरस फूट धरले तर ४८० मध्ये ३४ ते ३६ जण नीट बसतात. चाळीस बसवायचा हट्ट केला की वेटरच्या कोपराला गिऱ्हाइकाची खुर्ची लागते. चौघांचं टेबल ३० बाय ४८ इंच, दोघांचं २४ बाय ३० इंच, टेबलाची उंची ३० इंच आणि खुर्चीच्या बैठकीची १८ इंच. ताटं घेऊन जायची मुख्य वाट ३ फुटांपेक्षा अरुंद नको. समोरासमोर दोन बाकं आणि मध्ये टेबल, असा सोफ्याचा कप्पा करायचा तर पाठीच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत किमान साडेपाच फूट लागतात. कागदावर सगळं बसलेलं दिसतं, म्हणून जमिनीवर खडूने प्रत्यक्ष मापात टेबलं काढा आणि हातात परात घेऊन चालून बघा. पाऊण तासाच्या या कामात एखाद-दुसरं टेबल रद्द होतं किंवा सरकतं, आणि ते इथेच झालेलं बरं.

किचनचा आराखडा उपकरणांच्या मापांवरून करा. तंदूर, चायनीजची शेगडी, सिंक आणि फ्रिज कुठे हे ठरल्याशिवाय नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी सांडपाण्याच्या लाइनीत सोडणारं जाळीचं तोंड) कुठे घ्यायचा हे ठरत नाही, आणि ट्रॅप चुकला तर पुढे सगळी जमीन फोडावी लागते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका कागदावर टाइलचं नाव आणि माप, सनमायक्याचे कोड, रंगाचे कोड, खुर्चीचं मॉडेल आणि दिव्यांचा रंग लिहून मालक आणि कंत्राटदार दोघांनी सह्या करायच्या. नंतर घरातल्या कुणाला वेगळा रंग आवडला तर बदल जरूर करा, पण त्याने किती दिवस वाढतात ते त्याच कागदावर लिहून मग करा.

यायला वेळ लागतो ते आधी सांगून ठेवा

हूड (शेगड्यांवरचं धूर ओढणारं छत्र) आणि डक्ट (तो धूर बाहेर नेणारा पत्र्याचा नळ) यांची ऑर्डर सगळ्यात आधी. स्टीलचा हूड शेगड्यांच्या रांगेपेक्षा प्रत्येक बाजूला ६ इंच बाहेर आलेला हवा, आणि त्याची खालची कड जमिनीपासून साधारण साडेसहा फुटांवर. फॅब्रिकेटरला मापं घेऊन बनवून आणायला दोन ते तीन आठवडे लागतात. डक्ट इमारतीच्या बाहेरून गच्चीपर्यंत न्यायचा असेल तर सोसायटीची लेखी परवानगी गाळ्याचा करार करतानाच घ्या. काम अर्ध्यावर आल्यावर वरच्या मजल्यावरच्यांनी हरकत घेतली, तर उरलेलं सगळं इंटिरिअर तयार असूनही शेगडी पेटत नाही.

टाइल निवडताना नमुना आवडला की लगेच विचारायचं, माल गोडाऊनमध्ये आहे का? आहे म्हटलं तर खोकी डोळ्यांनी बघा आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच व शेड क्रमांक एकच आहे याची खात्री करा. दोन फूट बाय दोन फुटांच्या चार टाइलच्या खोक्यात साधारण साडेपंधरा चौरस फूट बसतात. ४८० चौरस फुटांवर ८ टक्के तूट धरली तर ३४ खोकी लागतात. दोन जास्तीची घेऊन ठेवा. वर्षभराने एक टाइल फुटली तर त्या शेडची बाजारात मिळेलच असं नाही.

खुर्च्या बनवून घेण्याइतका वेळ या वेळापत्रकात नाही. तयार साठ्यातल्या घ्या आणि वैशिष्ट्य दाखवायचं ते टेबलाच्या वरच्या फळीत, भिंतीत आणि दिव्यांत दाखवा. प्लाय आणि लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून, दिवे आणि वायरिंगचं सामान तपकीर गल्लीतून, भिंतीवर लावायला तांब्या-पितळेची जुनी घाटाची भांडी हवी असतील तर तांबट आळीतून : ही तिन्ही ठिकाणं शहराच्या मध्यभागी आहेत. गणपतीच्या दिवसांत, विशेषतः अनंत चतुर्दशीला आणि तिच्या दुसऱ्या दिवशी, तिथून टेम्पो बाहेर काढणं जवळपास अशक्य असतं. तिथली खरेदी गणेश चतुर्थीच्या आधी आटपा.

नावाची पाटी करायला टाकण्याआधी कायदा बघा. महाराष्ट्रात दुकानं आणि हॉटेलांची पाटी मराठीत, देवनागरीत असणं बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीने हे दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांनाही लागू झालं. डिझायनर पुष्कळदा रोमन अक्षरांचं बोधचिन्ह आधी करतो आणि मराठी नाव कोपऱ्यात बसवतो. मग अख्खी पाटी नव्याने करावी लागते. मराठी नाव मध्यभागी धरून पाटी आखली तर ती दिसतेही छान. पाटीच्या दिव्यांसाठी वेगळी वायर आणि टायमर बाहेरची भिंत उघडी असतानाच टाकून ठेवा.

वीजभार वाढवण्याचा महावितरणकडचा अर्ज, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना, दुकाने अधिनियमाखालची नोंदणी, आरोग्य खात्याचा आणि अग्निशमनचा दाखला यांचे अर्ज पहिल्या आठवड्यातच करा. गॅसचं ठरवताना एक आकडा लक्षात ठेवा. १०० किलोपर्यंतच्या एलपीजी साठ्याला स्फोटक विभागाचा परवाना लागत नाही, म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर. सहावा ठेवायचा विचार असेल तर ती वेगळी प्रक्रिया आहे आणि ती या मुदतीत धरू नका.

चतुर्थीच्या आधीचे सहा-सात दिवस : ओलं काम

तोडफोड, राडारोडा उचलणं, भिंतींत झिऱ्या (पाइप-वायरींसाठी खाचा) मारणं, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइन, किचनची जमीन, ही सगळी कामं चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत संपली पाहिजेत. राडारोडा गोण्यांत भरून रोज रात्री बाहेर काढा. तो साठला की दुसऱ्या कारागिराला शिडी लावायला जागा उरत नाही आणि त्याचा अर्धा दिवस आवराआवरीत जातो.

किचनच्या जमिनीला ट्रॅपकडे ८० ते १०० इंचांना १ इंच असा उतार द्या. सिंकच्या लाइनवर ग्रीज ट्रॅप (तेलकट गाळ अडवणारी पेटी) लावा आणि तो रोज उघडून साफ करता येईल अशा ठिकाणी ठेवा. ओट्याच्या खाली अगदी कोपऱ्यात ढकललेला ग्रीज ट्रॅप कुणी साफ करत नाही. वॉटरप्रूफिंगचे दोन हात जमिनीवर आणि भिंतीवर फूटभर उंचीपर्यंत न्या. मग ट्रॅपची तोंडं बांधून दोन-तीन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने पाण्याच्या पातळीची खूण करा आणि ४८ तास थांबा. उन्हाने थोडं पाणी उडेल, पण पातळी ठळकपणे उतरली किंवा शेजारच्या गाळ्याच्या भिंतीला ओल आली तर तिथेच दुरुस्ती करा. मुदत जवळ आली की पहिली काटछाट याच चाचणीवर होते. पुढे त्याची किंमत चालू हॉटेल आठवडाभर बंद ठेवून मोजावी लागते.

बसायच्या जागेत नवं सिमेंटचं प्लॅस्टर टाळा. त्यावर सात दिवस पाणी मारायचं आणि मग ते वाळायची वाट पाहायची, एवढे दिवस तुमच्याकडे नाहीत. पार्टिशन घालायचं तर पत्र्याच्या चौकटीवर जिप्सम बोर्ड लावा. खराब भिंत सरळ करायची तर जिप्सम प्लॅस्टर. त्याला पाणी मारावं लागत नाही. मात्र ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर, किचनमध्ये किंवा बेसिनमागे जिप्सम नको. तिथे सिमेंटच, आणि त्यावर टाइल.

गणपतीचे दिवस

कोकणातले कारागीर चतुर्थीच्या आदल्या दिवशी गावी जातात आणि बहुतेक गौरी-विसर्जनानंतर परततात. राजस्थानकडचे सुतार दिवाळीला जातात, त्यामुळे ते मिळतात. बंगालकडचे कारागीर असतील तर ते नवरात्रात दुर्गापूजेसाठी जाणार का, हे आत्ताच विचारा. हे सगळं पहिल्या दिवशी माहीत असतं, तरी दर वर्षी कुठल्या तरी साइटवर चतुर्थीच्या सकाळी पीओपीवाल्याची वाट बघणं चाललेलं असतं.

साइटवर या दिवसांत वाळायचं ते वाळू द्या. खिडक्या उघड्या ठेवा, दोन मोठे पंखे भिंतीकडे तोंड करून रात्रंदिवस चालू ठेवा. सुतारकाम मात्र साइटवर करू नका. कॅश काउंटर, सर्व्हिस काउंटर, टेबलांच्या फळ्या आणि सोफ्याचे सांगाडे कारखान्यात बनवायला द्या. पावसाळी हवेत साइटवर पडलेलं प्लाय ओल खेचतं आणि त्यावर चिकटवलेल्या सनमायक्याला महिन्याभरात फुगे येतात. कारखान्यात कडेची पट्टी मशीनने लागते आणि लाकडाचा भुसाही तिथेच राहतो. काउंटरला १९ मिलिमीटरचं प्लाय घ्या. पाणी लागणाऱ्या भागाला बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारं), बाकीच्याला बीडब्ल्यूआर (ओलावा सोसणारं). सोफ्याच्या बैठकीला ४० डेन्सिटीचा चार इंची फोम वापरा. हलका फोम स्वस्त पडतो, पण सहा महिन्यांत बसलेल्या जागी खड्डा पडतो.

एसीच्या तांब्याच्या नळ्या, ड्रेन पाइप, दिव्यांच्या वायरी, स्पीकर, कॅमेरे आणि किचनमधल्या ऑर्डर प्रिंटरची नेटवर्क केबल यांना स्लॅबखाली लटकवून घ्यायलाही हेच दिवस चांगले. दिव्यांना १.५, सॉकेटला २.५ आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची वायर. बसायच्या जागेचे दिवे किमान तीन सर्किटांत विभागा : टेबलांवरचे, भिंतीवरचे आणि साफसफाईच्या वेळी लागणारे. सगळे एका बटणावर घेतले तर संध्याकाळी हवा तसा मंद उजेड करताच येत नाही. कॅश काउंटरला चार सॉकेट लागतात, दोनवर भागत नाही.

पितृपक्ष : सगळ्यात कामाचे पंधरा दिवस

या पंधरवड्यात बरेच लोक नवी खरेदी टाळतात. त्यामुळे दुकानदारांकडे वेळ असतो, टेम्पो मिळतात, कारागीर मोकळे असतात. तुमच्या घरात मानत असतील तर पैसे आधी देऊन ठेवा आणि पितृपक्षात फक्त काम चालू द्या. या काळाइतका वेग दुसऱ्या कुठल्याच आठवड्यात मिळत नाही.

सीलिंगपासून सुरुवात करा. १२.५ मिलिमीटरचे जिप्सम बोर्ड ६ बाय ४ फुटांचे धरले तर ४८० चौरस फुटांना तूट धरून २२ लागतात. मुख्य चॅनल ४ फुटांवर, बोर्ड ज्यावर बसतो ते सेक्शन दीड फुटावर, स्क्रू ९ इंचांवर. सेक्शनचं अंतर वाढवून पत्रा वाचवला तर पहिल्या पावसाळ्यानंतर बोर्ड मध्ये झोल खातो. सांध्यांवर टेप आणि सांधे भरायचा खास मसाला हवाच, नुसत्या पुट्टीवर सांधा तडकतो.

बोर्ड लावण्याआधी एसीची चाचणी घ्या. नळ्यांत नायट्रोजन भरून दाब २४ तास टिकतो का बघा. मग प्रत्येक एसीच्या ड्रेनमध्ये बादलीभर पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्या टोकाला माणूस उभा करा. पाणी मिनिटाभरात धारेने यायला हवं. थेंब थेंब येत असेल तर मध्ये कुठे तरी पाइपला उलटा उतार आहे. ते आत्ता एका क्लिपने सुधारतं. सीलिंग बंद झाल्यावर उद्घाटनाच्या आठवड्यात टेबल क्रमांक चारच्या डोक्यावर पिवळा डाग बनून दिसतं. एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणाऱ्या छोट्या पेट्या) आणि एसीचे सांधे जिथे येतात तिथे दीड फूट चौरसाची उघडणारी झडप ठेवा.

सीलिंगनंतर पुट्टी. भिंती आणि सीलिंग मिळून सुमारे १,२५० चौरस फुटांना दोन हातांत १०० किलोच्या आसपास लागते. पण पुट्टीच्या आधी भिंत खरंच वाळली का ते बघा. दीड फूट चौरसाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांना चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा प्लॅस्टिकमागची भिंत गडद झाली असेल तर भिंत ओली आहे. ही चाचणी तीन-चार ठिकाणी करा. खाली जमिनीलगत, बाहेरच्या भिंतीवर आणि बेसिनच्या मागच्या बाजूला. ओल्या भिंतीवर रंग दिला की काही आठवड्यांत पापुद्रे सुटतात आणि खालून लोणा (पांढरा क्षार) फुटतो. एखादी भिंत वाळतच नसेल तर ती रंगवायचा विचार सोडा. तिच्यापासून इंचभर अंतर सोडून पट्ट्यांची चौकट ठोका, खाली-वर हवा खेळायला फट ठेवा आणि त्यावर सजावटीचं पॅनेल लावा. घाईत हाच शहाणा मार्ग.

पुट्टीच्या प्रत्येक हातानंतर पावसाळी हवेत एक रात्र जाऊ द्या. मग १८० नंबरच्या आणि शेवटी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. घासताना तिरपा दिवा भिंतीलगत धरला की लाटा लगेच दिसतात; समोरून धरलेल्या दिव्यात दिसत नाहीत, आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी भिंतीवरचे दिवे लागल्यावर सगळ्यांना दिसतात. प्राइमर आणि रंगाचा पहिला हात देऊन थांबा. शेवटचा हात आत्ता देऊ नका. रंग १० ते १२ लिटर लागेल. तो एकाच वेळी, एकाच बॅचमधून बनवून घ्या.

घासण्याची धूळ संपल्यावरच फरशी. टाइल अॅडहेसिव्हची २० किलोची गोणी सुमारे ५० चौरस फुटांना पुरते, म्हणजे ४८० ला दहा ते अकरा. मसाला दातेरी थापीने पसरवायचा. टाइलच्या मध्यभागी गोळे ठेवून ती दाबायची जुनी पद्धत इथे नको. कोपरे पोकळ राहतात आणि खुर्चीचा पाय पडला की तुटतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाइलवर लाकडी दांडक्याने ठोकून बघा, पोकळ वाजेल ती खडूने खूण करून काढा. बसवल्यापासून २४ तासांनी सांधे भरा, पुढचे २४ तास कुणाला चालू देऊ नका. किचनमध्ये खरखरीत टाइल आणि इपॉक्सीचे सांधे घ्या, सिमेंटच्या सांध्यात तेल मुरतं आणि महिन्यात ते काळे पडतात. मग सगळ्या फरशीवर प्लॅस्टिक, त्यावर जाड पुठ्ठा, आणि कडा टेपने बंद. उघड्या फरशीवर पडलेला एकच स्क्रू आणि त्यावरून सरकवलेला काउंटर, एवढ्यावर कायमची रेघ उठते.

आता कारखान्यातलं सुतारकाम आणा आणि बसवा. लाकडाला पॉलिशचा फवारा मारायचा असेल तर तोही कारखान्यातच. साइटवर थिनरचा वास आठ-दहा दिवस जात नाही, आणि पीठ, तांदूळ, मसाला हे वास ओढून घेतात. थिनरचं काम आणि वेल्डिंग एकाच दिवशी एकाच जागी चालू असणं तर सरळ आगीला आमंत्रण आहे.

सजावटीचं सामान निवडताना आगीचा विचार शेवटी करून चालत नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४ जण गेले. गच्चीवरच्या छपराच्या आणि सजावटीच्या ज्वलनशील सामानामुळे ती झपाट्याने पसरली होती. बांबूची चटई, गवताचं छप्पर, कापडी झालर, प्लॅस्टिकची वेल, फोमचं पॅनेल हे सगळं घाईच्या कामात फार वापरलं जातं, कारण ते एका दिवसात लागतं. सीलिंगला आणि बाहेर पडायच्या वाटेवर ते लावूच नका. गावाकडचं वातावरण हवं असेल तर विटेचा पातळ काप, शहाबादी फरशी, कौलं, तांब्याची भांडी आहेत. ती पेटत नाहीत. आग विझवण्याची यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडून बसवून तिचं प्रमाणपत्र घ्या, आणि बाहेर पडायच्या दारासमोर एकही खुर्ची ठेवू नका, गर्दी कितीही असो.

हूड आणि डक्ट सर्वपित्री अमावास्येच्या आधी बसलेला हवा. पंखा चालू करून पदार्थ देण्याच्या खिडकीत टिश्यू पेपरचा तुकडा धरा. तो किचनच्या दिशेने हलका झुकला तर बरोबर. उलटा बाहेर झुकला तर फोडणीचा धूर गिऱ्हाइकांवर येणार. आणि मुख्य दार उघडायला जोर लावावा लागत असेल तर पंखा एसीची हवा बाहेर फेकतो आहे. बाहेर जाणाऱ्या हवेच्या साधारण पाऊण पट ते ८० टक्के ताजी हवा वेगळ्या पंख्याने किचनमध्ये आणावी लागेल. हूड बसवून झाला की अनेक ठिकाणी फक्त आवाज ऐकून पसंती दिली जाते, ही दोन मिनिटांची चाचणी मात्र राहून जाते.

नवरात्र : नऊ दिवस कशाला

घटस्थापनेला ठोकाठोकी थांबलेली असावी. पहिले दोन दिवस दिवे बसवा : टेबलावरचा झुंबर-दिवा टेबलाच्या पृष्ठापासून ३० इंचांवर, प्रकाश २,७०० ते ३,००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर. पांढऱ्या थंड दिव्यात वरण राखाडी दिसतं आणि लाल रस्सा तपकिरी. दिवे घ्यायच्या आधी एक ताट वाढून त्याखाली धरून बघा. किचनमध्ये याच्या उलट, भरपूर पांढरा उजेड.

तिसऱ्या दिवशी राहिलेल्या कामांची यादी. खोलीच्या एका कोपऱ्यातून सुरुवात करून भिंतीभिंतीने फिरा आणि प्रत्येक दोषावर रंगीत चिकटपट्टी लावा : सुताराला निळी, रंगाऱ्याला पिवळी, इलेक्ट्रिशियनला लाल. यादी कागदावर राहिली तर हरवते, पट्टी काम झाल्यावरच निघते. सगळ्यांच्या बिलातले १० टक्के या पट्ट्या निघेपर्यंत देऊ नका. हे काम देतानाच ठरलेलं असावं, नाहीतर शेवटी भांडण होतं. खुर्च्या-टेबलं आत आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी रंगाचा शेवटचा हात द्या, आधी नाही. सामान आत नेताना भिंतीला लागतंच.

सहाव्या दिवशी पूर्ण सफाई, आणि सातव्या दिवशी ओळखीची वीस माणसं बोलावून खरं जेवण करा. सगळ्या शेगड्या, सगळे एसी, सगळे दिवे, गीझर, तंदूरचा ब्लोअर एकदम चालू ठेवा. वीज जायची असेल तर त्या दिवशी जाऊ दे. सिंक तुंबतं का, बेसिनचं पाणी वाटेवर उडतं का, ताट घेऊन येणारा आणि उष्टं घेऊन जाणारा एकमेकांना कुठे अडतात, हे रिकाम्या खोलीत कधीच कळत नाही. आठवा दिवस या दुरुस्तीसाठी मोकळा ठेवा.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला कारागीर हत्यारांची पूजा करतात, त्या दिवशी करवत-हातोडा कुणी उचलत नाही. म्हणजे कामाचा शेवटचा दिवस तुम्ही मोजता त्यापेक्षा दोन दिवस आधी येतो.

वास्तुशांत किंवा होम करायचा असेल तर सोफे आत यायच्या आधीचा दिवस गुरुजींकडून ठरवून घ्या, आणि धुराचे सेन्सर तेवढ्यापुरते झाकून नंतर आठवणीने उघडा. होमकुंड थेट नव्या टाइलवर ठेवलं तर उष्णतेने टाइल तडकते, म्हणून खाली दोन इंच वाळू आणि तिच्यावर विटांचा एक थर घाला. तोरणासाठी चौकटीला दोन हूक रंगाच्या शेवटच्या हाताआधीच लावून ठेवा, आणि नारळ फोडायला उंबऱ्याबाहेर एक दगड.